हळदीच्या भावाखालची माणसं

गेलं दीड वर्ष मी वर्तमानपत्रातलं निधनाचं पान उघडत नाही. वाचनालयात नोकरी करणाऱ्या बाईनं असं म्हणणं म्हणजे हलवायानं गोड सोडल्यासारखंच, पण नाही उघडत. शालनमावशी यायच्या बंद झाल्या; त्यांचं नाव तिथं दिसलं तर काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आणि नाही दिसलं तरी त्याला काही अर्थ नाही, कारण त्यांच्या घरचे काही पेपरात बातमी देणाऱ्यांतले नव्हेत. तेव्हा बघूच नये हे बरं.

मी तशी माणसांत रमणारी नव्हे. सांगलीच्या आमच्या या लहानशा वाचनालयात सव्वीस वर्षं काढली ती एवढ्याचसाठी, की इथं येणाऱ्याला गप्प बसावं लागतं. रोज सकाळी आठ-नऊ निवृत्त पुरुष येतात, आपापला पेपर धरून बसतात आणि अकरा वाजता घरी जेवायला जातात. कुणी कुणाला काही विचारत नाही. सगळं कसं छान चाललं होतं. आणि एका गुरुवारी दारातनं आवाज आला,

"आवं बाई, मेलेल्या माणसांचं पेपर कुटं ठेवल्यात?"

आठही डोकी वर झाली. दारात एक वाळकीशी म्हातारी उभी, त्याच शालनमावशी. हिरवट नऊवारी, कपाळ मोकळं, काखेत कापडी पिशवी. पायातले खेळाचे बूट हातात काढून घेतलेले, नातवाचे असावेत.

मी म्हटलं, "हळू बोला. इथं सगळ्यांचेच पेपर आहेत."

"जित्यांचं नगं मला," त्या म्हणाल्या. "म्हागल्या सालांचं दावा."

कराडच्या पुढं, मलकापूर ओलांडलं की एक फाटा लागतो. तिथनं आत त्यांचं गाव. पंचाहत्तरी झाली की एसटी फुकट, हे सरकारनं जाहीर केलं तेव्हा त्या नुकत्याच शहात्तर पुऱ्या करून बसल्या होत्या. ते कार्ड मिळालं आणि म्हातारी घराबाहेर पडली. नवरा मिलिटरीत होता, त्याची पेन्शन यायची, पण बँकेचं कार्ड पोराच्या खिशात. उसाचं रान होतं, ते पोरांच्या नावावर. मावशींच्या कनवटीला काय असेल तेवढंच त्यांचं. तेव्हा फुकटची एसटी, घरची भाकरी-खर्डा आणि आमची बिनपैशाची बसायची जागा, एवढ्या भांडवलावर त्यांनी हा उद्योग मांडला. जुन्या फायली काढायला आमच्याकडं फी असते. ती मी पहिल्या गुरुवारी त्यांना सांगितली. दुसऱ्या गुरुवारपासून मला ती आठवली नाही.

वाचण्याची तऱ्हा अशी, की आधी मागच्या नळावर हात धुवायचे, पदराला पुसायचे. मग फाईल उघडण्याआधी तिला हात जोडायचे. अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत एकेक निधन वाचायचं. वाचून झालं की म्हणायचं, "जा बाबा सुखानं," आणि मग पुढचं. बाई असली तर वय आधी बघायचं. "बत्तीस! लय लवकर गेलीस गं." आठ पेपरांच्या मागं आठ म्हातारे हे दर गुरुवारी ऐकायचे. पहिल्या महिन्यात दोघांनी माझ्याकडं तक्रार केली. तिसऱ्या महिन्यात त्यातलाच एक त्यांना विचारत होता, आमच्या अमक्याचं सापडलं का.

एकदा मी घाईत होते. त्यांच्या फाईलमधलं पान उलटायला मी बोट जिभेला लावलं, तर माझ्या मनगटावर चापटी बसली.

"मेलेल्याला थुका लावती व्हय? शिकलेली हाईस न्हवं?"

सव्वीस वर्षांत माझ्यावर हात उगारणारं पहिलं माणूस. राग आला होता. पण खरं सांगते, त्यानंतर आजवर मी कुठल्याच पुस्तकाला थुंकी लावलेली नाही.

जुनं निधन शोधायचं कसं, याचं शास्त्र त्यांनी आपलं आपण बसवलं होतं. माणूस गेला त्या दिवशीचा पेपर बघायचाच नाही, दोन दिवसांनी बघायचा. दिवाळीत गेला असेल तर पाच दिवसांनी, कारण सुट्टीत छापखाना बंद. तिथं नसला तर बरोबर वर्षानं बघायचा, वर्षश्राद्धाला लोक फोटो देतात. आणि फोटोवाल्या चौकटींच्या नादी तर लागायचंच नाही. "त्यो पैसंवाल्यांचा बाजार. आपली माणसं खाली असत्यात," त्या म्हणायच्या. खाली म्हणजे बाजारभावाच्या खाली. पूर्वी पेपरात हळदीचे, गुळाचे भाव यायचे, त्याच्याखाली जागा उरायची. कुणी कचेरीत चिठ्ठी आणून दिली की तिथं दोन-तीन ओळींत निधन छापत, फुकट. मावशी पान उघडून थेट हळदीचा भाव गाठायच्या.

त्यांचं नाव हळूहळू झालं. वकिलाचे कारकून यायला लागले, वारसाच्या भानगडीतले भाऊ यायला लागले. एकदा फलटणचे एक निवृत्त हेडमास्तर आले. मुलाचं लग्न जमेना, तर कुणी ज्योतिषानं सांगितलं की तुमच्या आईचं श्राद्ध चुकीच्या तिथीला होतंय. आई मिरजेच्या दवाखान्यात वारली, तेव्हा मास्तर चार वर्षांचे. मावशींनी दुपारच्या आत बातमी काढून पुढ्यात ठेवली. मास्तरांना गहिवरून आलं. ते पाकीट काढायला लागले.

"पैसं नगंत," मावशी म्हणाल्या. "आईचं म्हायारचं नाव काय हुतं तेवढं सांगा."

मास्तर छताकडं बघायला लागले. आमच्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलतात, ताटातल्या तांदळात नवं नाव लिहितात. जुनं नाव मग माहेरी आईबाप असेतोवर चालतं, पुढं संपतं.

"ठाऊक न्हाई?" मावशींचा आवाज चढला. "आन पोराचं लगीन जमंना म्हून तिची तिथी हुडकाय आलाय! उलटं टांगलं पायजे तुमाला."

हेडमास्तरांना असं कुणी आयुष्यात बोललं नसेल. मान खाली घालून गेले बिचारे. मी त्या रात्री माझ्या आईचं माहेरचं नाव आठवून बघितलं. आठवलं, पण वेळ लागला.

आता त्या स्वतः कुणाला शोधत होत्या, ते सांगते.

त्यांची थोरली बहीण, हिरा. साखर कारखान्यावर यंत्रं जोडणारा एक फिटर होता, दत्तू नावाचा, जातीबाहेरचा. हिरा सतरा-अठराची असताना त्याच्याबरोबर निघून गेली, सांगलीकडं. मावशी तेव्हा दहा वर्षांच्या. त्यानंतर बहिणीचं तोंड बघितलं नाही. मधे कितीतरी वर्षांनी एका जत्रेत कुणीसं कानाशी म्हणालं, तुझी हिरा गेली म्हणं. कधी गेली, कशानं गेली, कुणाला पत्ता नाही. सासरी तिचं नाव काय ठेवलं, तेही माहीत नाही. दत्तूचं आडनाव माहीत नाही. हातात धागा एकच: नवऱ्याचं नाव दत्तू.

आणि आमच्या मुलखात दत्तूंना काय तोटा! औदुंबर जवळ, नरसोबाची वाडी जवळ; नवस केला की पोरगं होणार आणि त्याचं नाव दत्तात्रय. दर दोन घरांआड एक दत्तू. मावशी प्रत्येक दत्तात्रयाची गेलेली बायको एका चौपन्नपानी वहीत उतरून घ्यायच्या. झेरॉक्सला पैसे पडतात म्हणून सगळं हातानं. अक्षर एवढं मोठं, की एका पानावर जेमतेम चार ओळी मावायच्या. तीसेक दत्तूंच्या बायका भरल्या होत्या त्या वहीत. वय जुळलं की मावशी पत्ता शोधत चालत जायच्या.

असाच माधवनगरचा एक दत्तू निघाला. बायकोला जाऊन बारा वर्षं झालेली. मावशींनी दार वाजवलं, फोटो दाखवा म्हणाल्या. भिंतीवरच्या फोटोत भलतीच बाई. पण दारात आलोच आहोत, आणि मेलेल्या बाईची चौकशी करून उलट्या पावली कसं जायचं? बसल्या. तर तो नव्वदीचा म्हातारा दत्तू असा खुलला, की दोन तास बायकोचंच बोलत राहिला. ती पिठलं कसं करायची, रुसली की कुठं जाऊन बसायची. सुनेनं चहा दोनदा केला.

"न्हाई गं ती," पुढच्या गुरुवारी मला म्हणाल्या. "पर म्हातारा लय येकटा हाय. घरात धा माणसं, आन त्येचं कोन ऐकतंय?"

पुढं त्या दर महिन्याला माधवनगरला एक फेरी मारायच्या, त्या परक्या दत्तूची बायको ऐकायला. मी विचारलं, कशाला एवढी पायपीट? तर म्हणाल्या, "माझ्या हिराचा दत्तूबी आसाच कुटंतरी बसला आसंल. त्येच्याकडं कोन जातंय का, ठाऊक न्हाई."

मला वाटायचं, म्हातारीला बहिणीची ओढ आहे, झालं. ओढीपेक्षा त्यात काही वेगळं होतं, ते एका दुपारी कळलं. वाचनालयात कुणी नव्हतं. पायरीवर बसून त्या भाकरी खात होत्या, मी शेजारी डबा घेऊन बसले. मावशी आपणहून बोलायला लागल्या.

"हिरा गेली त्येच्या तिसऱ्या दिशी बापानं समद्यांस्नी हिरीवर न्हेलं. म्हनला, पोरगी मेली आमची. तिच्या नावानं आंघूळ करा. समद्यांनी डोक्यावनं पानी घेतलं. चुलता, चुलती, थोरला भाऊ. आईच्या हातात घागर दिली. तर आईनं ती खांद्यावनं बाजूला वतली, बाई. लुगडं तेवढं भिजवलं. डोस्कं कोरडं. कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, मी शेजारी हुते, मी बगितलं."

"आणि तुम्ही?"

भाकरीचा तुकडा त्यांच्या हातात तसाच राहिला.

"मी घेतलं की. चांगलं तांब्यावर तांब्या घेतलं. ऊन हुतं. मला ग्वाड वाटलं."

मी म्हटलं, मावशी, दहा वर्षांचं लेकरू तुम्ही.

"धा वर्सांचं आसू दे न्हाईतर धा दिसांचं. जित्या भनीच्या नावानं आंघूळ केली मी. खोटी आंघूळ. आता मला तिचा खरा दिस पायजे. त्या दिशी खरी करीन, रडून करीन. माझी भन दोनदा मेली गं, आन येकदाबी तिला कुनी रडलं न्हाई."

त्यानंतर मी स्वतःही गुरुवारची वाट बघायला लागले. आणि नेमकं तेव्हाच आमच्या समितीनं ठराव केला. मागच्या महापुरात खालच्या दोन फळ्यांवरच्या फायली भिजल्या होत्या. आम्ही तेव्हा दोऱ्या बांधून पानं वाळत घातली होती, पण गठ्ठेच्या गठ्ठे चिकटून विटा झालेले. त्यांचे फोटो काढून घ्यायला पैसा नाही, ठेवायला जागा नाही. महिनाअखेर रद्दीवाला येऊन सगळं उचलणार, असं ठरलं. मी मावशींना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती गुरवार ऱ्हायलं?"

"तीन."

दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, म्हातारी हजर. पिशवीतनं काय काढलं असेल? घरचं उलथणं. पातळ, झिजून ब्लेडसारखं झालेलं. तव्यावरची भाकरी जशी कड न मोडता सोडवतात, तसं त्यांनी त्या चिकटलेल्या गठ्ठ्यात ते अलगद सरकवलं आणि एक पान सोडवलं. सलग दोन आठवडे त्या रोज आल्या. घरी पोरगा ओरडत होता, सून बोलत नव्हती. म्हणजे मीच विचारलं म्हणून कळलं, स्वतः सांगायच्या नाहीत. कराडहून सकाळची पहिली गाडी, संध्याकाळी परत. मधे उलथणं आणि गाळ. आठातले तीन म्हातारे मदतीला बसले. मीही बसले. कपाटांच्या चाव्या कुणी मागितल्या तर मी हातानंच खूण करायची, नंतर या.

दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. मावशी एक पान सोडवून हळदीच्या भावाखाली बोट फिरवत होत्या. बोट थांबलं. पुढं सरकेना. मी वाट बघितली. मग उठून मागं गेले आणि त्यांच्या खांद्यावरनं वाचलं. डाग पडलेले, पण अक्षरं शाबूत होती. कुणी सौ. सुलोचना दत्तात्रय अमुक, वय चव्वेचाळीस. अल्पशा आजाराने निधन. खाली नेहमीची ओळ. पण ती नेहमीची नव्हती.

"त्यांच्या पश्चात पती, आई व धाकटी बहीण तानी असा परिवार आहे."

मी शेकडो निधनं वाचली असतील. बाईच्या पश्चात मुलं असतात, सुना-नातवंडं असतात. मूलबाळ नसलं तर दीर-पुतणे घालतात. माहेरची आई आणि बहीण मी कुठंच बघितलेली नव्हती.

"तानी कोण?" मी विचारलं.

मावशींनी गाळानं भरलेला हात छातीवर ठेवला. "मी."

दोन वर्षं ही बाई माझ्यासमोर बसत होती, आणि तिचं माहेरचं नाव मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. बोट पतीवर ठेवलं, आईवर ठेवलं, तानीवर ठेवलं. मग परत मागं जाऊन काहीतरी शोधलं.

"बाप न्हाई लिवला," त्या म्हणाल्या.

"तेव्हा होते का?"

"हुता की. चांगला धडधाकट हुता." मग म्हणाल्या, "तिनंबी त्येच्या नावानं आंघूळ केली वाटतं." आणि त्या हसल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग डोळे पुसायला तोच पदर वापरला.

मी झेरॉक्स काढून आणते म्हटलं. त्यांनी मान हलवली. वहीत उतरवून घ्यायलाही तयार नव्हत्या. त्यांना तारीख तेवढी कळायला हवी होती, ती कळली होती. मी कॅलेंडर काढून तिथी बघून देऊ का विचारलं. मला वाटलं आता लगेच नदीवर जातील; घाट काही लांब नाही. इतक्या उशिरानं कळलं की नुसती आंघोळ करायची, सुतक फिटतं, असा आपल्याकडं रिवाज. मी तर टॉवेल कुणाकडनं आणावा याचा विचार करत होते.

"मावशी, घाटावर येऊ का मी तुमच्याबरोबर?"

"कशाला?"

"आंघोळीला. तुम्ही म्हणाला होता ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फलटणच्या मास्तरांकडं बघितलं होतं, तसं.

"न्हाई करायची," त्या म्हणाल्या. "आमी तिला मेल्यात धरलं, आन तिनं मराय लागल्यावबी आमाला घरात धरलं. आता पानी घिऊन मोकळी हू व्हय मी? रोजची आंघूळ करीन, तिच्या नावाची न्हाई. नगं फिटाय माझं सुतक. मरंपातूर ऱ्हाऊ दे."

स्टँडवर मी त्यांना सोडायला गेले. सव्वीस वर्षांत वाचनालयाच्या वेळेत मी कधी बाहेर पडले नव्हते, त्या दिवशी आठ म्हाताऱ्यांच्या स्वाधीन करून पडले. गाडी लागलेली होती. मावशी चढल्या, खिडकीशी बसल्या. मी खाली उभी. त्यांच्या शेजारी एक तरणी बाई येऊन बसायला लागली, हातात बाजाराची पिशवी. मावशी अंग चोरून कडेला सरकल्या.

"शिवू नगं गं मला. सुतक हाय."

"आगं बया! कोन गेलं?"

"थोरली भन."

"कवा?"

"आजच कळलं," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, ती बाई दुसरी जागा बघेल. गाडीत जागा होत्याही. पण तिनं पिशवी पायाशी ठेवली, मावशींना खेटून बसली आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातात घेतला. "लय वंगाळ झालं वं. नाव काय हुतं त्यांचं?"

"हिरा," मावशी म्हणाल्या. आणि ते नाव तोंडातनं बाहेर पडलं तसा त्यांनी गळा काढला. आमच्या बायका मयतीला काढतात तसा, उघडा, मोठ्यानं, "माज्या हिराक्का गं, कुटं गेलीस गं" म्हणत. सगळी गाडी मागं वळली. मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून पुढं आली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला होता, तो त्यानं तसाच ठेवला.

कराडची गाडी त्या दिवशी उशिरा सुटली.